वाळा : कमी निगराणीचे गवत आणि त्याची पारख

शाळेच्या आवारात काही लावायचे ठरले की पहिली अडचण पाण्याची आणि दुसरी सुट्टीची. जून-जुलैत हौसेने लावलेली रोपे मार्चपर्यंत कशीबशी तग धरतात. पुढे शाळा बंद, नळ कोरडा, शिपाई गावाला गेलेला. जूनमध्ये येऊन पाहावे तो वाफ्यात काटक्या उभ्या. त्यामुळे ‘ज्याच्याकडे फारसे पाहावे लागणार नाही असे काहीतरी सुचवा’ ही शिक्षकांची मागणी अगदी रास्त आहे. तिला अलीकडे मिळणारे एक उत्तर म्हणजे शोभेची गवते. महामार्गांचे दुभाजक, हॉटेलांची अंगणे, नव्या वसाहतींच्या बागा अशा ठिकाणी जांभळट किंवा पांढऱ्या तुऱ्यांची उंच गवते आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. ती दिसतात छान, आणि माळ्याला त्यांचा त्रासही कमी.

पण ‘निगा लागत नाही’ म्हणजे नेमके काय? पाणी नसले तरी जगते, जमीन कसलीही चालते, गुरे तोंड लावत नाहीत, कापले वा जाळले तरी पुन्हा फुटते. आता विद्यार्थ्यांना उपद्रवी तणाचे गुण लिहून काढायला सांगा. यादी जवळजवळ हीच येईल. बागेतल्या कष्टाळू वनस्पतीत आणि रानात सुटलेल्या तणात फरक बहुधा एकाच गोष्टीचा असतो : आपण लावली त्या जागेबाहेर ती स्वतःहून पसरते की नाही.

ही भीती पुस्तकी नाही. आपल्या डोंगरउतारांवर माजलेली घाणेरी (काही भागांत तिला टणटणी म्हणतात) मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. तळी-नद्या झाकून टाकणारी जलपर्णीही तिच्या निळसर फुलांपायी जगभर नेली गेली. गवतांतले उदाहरण हवे असेल तर फाउंटन ग्रासचे घ्यावे. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागांतले हे देखणे गवत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर बागेसाठी नेले. तिथून ते लाव्हाच्या उघड्या खडकांवर पसरले. वाळलेले गवत पेट घेते, आगीत तिथली मूळची झाडे मरतात, आणि बुडखा जिवंत राहिलेले गवत पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येते. म्हणजे आग लावणारेही तेच आणि आगीचा फायदा उठवणारेही तेच! युरोपीय संघाने २०१७ मध्ये हे गवत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घातले. त्याच्या जांभळ्या पानांच्या ‘रुब्रम’ या प्रकाराला रुजणारे बी क्वचितच धरते. पण रोपवाटिकेत हातात पडणारे रोप नक्की कोणते, हे ओळखायची खात्री आपल्यापैकी किती जणांना देता येईल? मोठ्या पांढऱ्या तुऱ्यांच्या पंपास गवताची कथाही अशीच. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. एकेका तुऱ्यात वाऱ्यावर उडणाऱ्या हजारो बिया, आणि कॅलिफोर्निया व न्यूझीलंडमध्ये त्यांनी घातलेला धुमाकूळ.

तेव्हा आम्हांला वाटते, शाळेसाठी गवत निवडताना तुरा किती सुंदर आहे हे नंतर पाहावे. बी रुजते का हे आधी पाहावे. या कसोटीला उतरणारे एक गवत आपल्या ओळखीचे, किंबहुना घरातलेच आहे. उन्हाळ्यात माठात जी सुगंधी मुळांची जुडी टाकतो, तो वाळा.

वाळ्याला संस्कृतात उशीर, हिंदीत खस म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमवण्यासाठी उशीराचा लेप नेला जात आहे, असा उल्लेख आहे. इंग्रजांनी ‘व्हेटिव्हर’ हा शब्द तमिळ ‘वेट्टिवेर’वरून घेतला; त्यातल्या ‘वेर’चा अर्थ मूळ. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत हे गवत व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडिस या नावाने सापडेल. १९९९ मध्ये व्हेटिव्हेरिया ही प्रजाती क्रायसोपोगॉन या प्रजातीत विलीन केली गेली, तेव्हापासून ते क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस झाले. गंमत अशी की इतक्या घरांत मुळे पोचलेली असूनही सबंध झाड कसे दिसते, हे शहरातल्या मुलांना सहसा माहीत नसते. वाळ्याचे ठोंब माणसाच्या उंचीचे, कधी त्याहूनही उंच होते. लांब, अरुंद, ताठ पाने वर जाऊन टोकाशी वाकतात. पावसाळ्याच्या अखेरीस जांभळट छटेचे सरळ तुरे येतात. दुरून गवती चहाचा भास होतो. पण पान चुरगळून पाहा. गवती चहाच्या पानाला लिंबासारखा वास येतो, वाळ्याच्या पानाला काहीच वास नाही. त्याचा सगळा सुगंध जमिनीखाली.

वाळ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. उत्तर भारतातल्या नदीकाठच्या, दलदलीच्या जागी रानटी वाढणाऱ्या वाळ्याला रुजणारे बी येते. दक्षिण भारतात पिढ्यान्‌पिढ्या फुटव्यांपासून लावत आलेल्या वाळ्याला तुरे आले तरी रुजणारे बी जवळजवळ धरत नाही. शिवाय हरळीप्रमाणे जमिनीवर सरपटणारी खोडे किंवा लव्हाळ्यासारखे गड्डेही त्याला नाहीत. लावाल तिथेच त्याचे ठोंब दरवर्षी थोडे रुंद होत जाते, एवढेच. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळ्याची ओळ लावत आले. बांध दगडाचा असला तर शेजारी तो सरकवू शकतो. वाळ्याची खोल रुजलेली ओळ रातोरात हलवणे कठीण! हद्दीवरचे गवत दोन्ही शेतांत पसरले असते तर ही पद्धत टिकलीच नसती. १९९० च्या दशकात डीएनएच्या तपासणीतून असे दिसले की भारताबाहेर निरनिराळ्या देशांत धूप रोखण्यासाठी लावलेला बहुतेक वाळा म्हणजे एकाच झाडाचे फुटवे आहेत. बियांवाचून, माणसाच्या हातांनी एक झाड जगभर गेले.

फुटवे, बुडखा आणि कापणी

गवत कापले तरी ते का मरत नाही? आंब्याच्या रोपाचा शेंडा खुडला तर त्याची सरळ वाढ थांबते, कारण वाढीची जागा शेंड्याशी असते. गवताच्या पानाची वाढ पात्याच्या व आवरणाच्या बुडाशी असलेल्या आंतरीय विभाजी ऊतींमुळे होते. वरचे पाते म्हणजे आधीच तयार होऊन बाहेर ढकललेला माल. गाईने तो खाल्ला काय किंवा विळ्याने कापला काय, कारखाना खाली शाबूत असतो. वाळ्याचा बुडखा तर जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खालीच दडलेला असल्याने वणव्यातूनही तो बहुधा वाचतो.

हे वर्गात दाखवायला फार सोपे आहे. वाळ्याचे, नाहीतर मक्याचे किंवा गवती चहाचे, अजून वाढत असलेले कोवळे पान निवडावे. न पुसणाऱ्या शाईच्या पेनने त्यावर दोन खुणा कराव्यात : एक जमिनीपासून ५ सेंटीमीटरवर, दुसरी तिच्यावर १० सेंटीमीटरवर. आठवड्याने काय होईल, हे मुलांना आधी लिहून ठेवायला सांगावे. बरीच मुले ‘दोन खुणांमधले अंतर वाढेल’ असे लिहितील. प्रत्यक्षात ते अंतर तितकेच राहते आणि दोन्ही खुणा मिळून वर सरकलेल्या आढळतात. यावरून वाढ कुठे झाली हे मुले स्वतःच सांगतात. शिक्षकाला ‘आंतरीय’ शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कापणीचा दुसरा परिणाम असा की बुडख्यावरचे सुप्त डोळे जागे होऊन बाजूने नवे फुटवे येतात. म्हणून सुरुवातीला वाळा कापत राहिले तर ठोंब दाट होते, आणि नुसते वाढू दिले तर उंच पण विरळ राहते.

वाळा ज्वारी, मका, ऊस यांच्या पंक्तीतला, म्हणजे ‘सी-४’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारा आहे. कडक ऊन आणि उष्णता असताना, पर्णरंध्रे फार उघडी न ठेवता, म्हणजे पाणी कमी गमावून, ही झाडे कार्बन डायॉक्साइड पकडू शकतात. उन्हाळ्यात तग धरण्याचे हे एक कारण. पण याची दुसरी बाजू शाळांनी नीट लक्षात घ्यावी : सावलीत वाळा खुरटतो, विरळ होतो. वडाच्या किंवा गुलमोहराच्या खाली मोकळी जागा आहे म्हणून तिथे तो लावू नये.

मुळे

वाळ्याची मुळे हरळीसारखी आडवी न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतात. खोल, भुसभुशीत जमिनीत ती २ ते ४ मीटर जातात. त्यामुळे शेजारच्या पिकाच्या वरच्या थरातले पाणी ती फारसे पळवत नाहीत, आणि मे महिन्यात वरची माती भाजून निघाली तरी खालची ओल त्यांना मिळते. या मुळांचे ताण-सामर्थ्य सरासरी ७५ मेगापास्कलच्या आसपास मोजले गेले आहे; ते सौम्य पोलादाच्या सुमारे एकषष्ठांश भरते. हा आकडा मुलांना निर्जीव वाटेल. त्याचे गणित करून द्यावे. १ मिलिमीटर व्यासाच्या मुळाचे छेद-क्षेत्रफळ साधारण ०.७९ चौरस मिलिमीटर. त्याला ७५ ने गुणले की ५९ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६ किलोग्रॅमचे वजन टांगेपर्यंत ते मूळ तुटणार नाही. ओले मूळ, वजने आणि दोन चिमटे असले की हा प्रयोग शाळेतही होतो. मूळ चिमट्यापाशी तुटले तर ती मोजणी धरू नये.

मात्र या खोलीच्या आकड्यांचे अनेकदा अवडंबर माजवले जाते. कोकणात अर्ध्या मीटरखाली जांभ्याचा कातळ लागला तर मुळे काही त्यातून ३ मीटर जाणार नाहीत. जिथे सबंध डोंगरउतारच खोलवरून सरकतो आहे तिथे गवताच्या भरवशावर राहणे धोक्याचे. ते काम अभियंत्यांचे. वाळा अडवतो तो पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याला आणि वरच्या थराच्या धुपेला.

तेवढेही थोडे नाही. वाहते पाणी किती मोठा दगड ढकलू शकेल, याचा एक जुना ढोबळ नियम आहे. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या आणि दगडाच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. दगडाचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. दोन्हींची बरोबरी मांडली की ढकलला जाणारा व्यास वेगाच्या वर्गाच्या, आणि म्हणून वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात येते. वेग दुप्पट झाला तर ६४ पट वजनाचा दगड हलतो. उलट, वेग निम्मा केला तर पाण्याच्या अंगातले बळ एकदम ओसरते. उतारावर आडवी लावलेली वाळ्याची दाट ओळ नेमके हेच करते. ती पाणी थोपवून धरत नाही, चाळणीसारखे हळूहळू जाऊ देते. पाणी मंदावते, रुंदावते आणि आपला गाळ ओळीच्या वरच्या अंगाला टाकून पुढे जाते. गाळाने बुडखा बुजला तर मातीत गेलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि ठोंब गाळाबरोबर वर चढते. काही वर्षांत ओळीमागे आपोआप पायरी तयार होते. मातीचा बांध फुटला की साठलेले पाणी एकाच ठिकाणी धावते आणि घळ पडते; गवताच्या ओळीत ते भय कमी.

फिजी बेटांवर १९५० च्या दशकात उसाच्या उतारांवर हा उपाय वापरला गेला. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातल्या कृषितज्ज्ञांनी त्याचा पुन्हा प्रसार केला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने वाळ्यावर स्वतंत्र पुस्तकच काढले, आणि १९९६ मध्ये थायलंडमधल्या च्यांग राय येथे पहिली आंतरराष्ट्रीय वाळा परिषद भरली. माठातल्या जुडीने एवढा प्रवास केला, याची दखल आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी घेतलेली नाही.

लावणी

फुटवे एखाद्या खात्रीच्या रोपवाटिकेतून किंवा बांधावर वाळा लावणाऱ्या शेतकऱ्याकडून आणावेत. जुने ठोंब कुदळीने उकरून त्याचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. पाने १५ ते २० सेंटीमीटर ठेवून बाकीची छाटावीत, म्हणजे नवी मुळे धरेपर्यंत बाष्पोत्सर्जनाने फुटवा सुकणार नाही. मुळेही ८-१० सेंटीमीटरवर कापावीत. मुळे उन्हात उघडी पडू देऊ नयेत. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावावेत. वेळ पावसाने जोर धरल्यावरची, म्हणजे बहुतेक ठिकाणी जूनअखेर ते जुलैचा पूर्वार्ध.

नुसत्या शोभेसाठी लावायचे तर दोन ठोंबांत मीटरभर अंतर हवे. उतारावर ओळ लावायची असेल तर फुटवे १० ते १५ सेंटीमीटरवर, एकही खिंडार न ठेवता. इथे काटकसर करू नये. अर्धवट ओळ ही नसलेल्या ओळीपेक्षा वाईट, कारण सगळे पाणी त्या खिंडारातूनच धावते. ओळ समपातळीवर असली पाहिजे. ती आखायला गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन काठ्यांना नळीची टोके बांधून दोन्हीकडचे पाणी सारख्या खुणेवर आले की ते दोन बिंदू एका पातळीत. जोडलेल्या भांड्यांतले पाणी समपातळीत राहते, हा धडा शिकवण्याची याहून चांगली जागा आम्हांला तरी दिसत नाही.

कमी निगराणी म्हणजे पहिल्या दिवसापासून शून्य निगराणी नव्हे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मेलेल्या फुटव्यांच्या जागी नवे लावावेत, भोवतीचे तण काढावे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी मिळाले तर फार बरे. मे महिन्याची जबाबदारी जवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांनी वाटून घ्यावी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाण्याची चिंता सहसा उरत नाही. पुढे वर्षातून एक-दोनदा ३० ते ५० सेंटीमीटर उंची ठेवून कापावे. वाळलेली पाने ठोंबात साठू देऊ नयेत, आगीचे भय असते. ती झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावीत. जून झालेले पान शेळ्या-गुरे सहसा खात नाहीत, ही कुंपण नसलेल्या शाळेची सोयच. पानांच्या कडा मात्र खरखरीत असतात. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेला अगदी लागून वाळा नको.

एक मोह टाळायला हवा, तो मुळे विकण्याचा किंवा उपसण्याचा. अत्तरासाठी वाळा लावतात तेव्हा दीड वर्षाच्या सुमारास अख्खे ठोंब खणून मुळे काढतात. उतारावरची ओळ अशी खणली तर माती सैल होऊन पहिल्याच पावसात आधीपेक्षा अधिक धूप होईल. माठासाठी मुळे हवी असतील तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात रेताड माती भरून वेगळी दोन ठोंबे लावावीत. पोते उसवले की मुळे अख्खी हाती येतात, धुवायलाही सोपी. त्यांच्या ओल्या जुडीतून पंख्याचा वारा सोडून अलीकडचे-पलीकडचे तापमान मोजता येईल. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, ती त्या हवेतूनच. नागपूरच्या एप्रिलमध्ये फरक ठळक मिळेल आणि रत्नागिरीच्या एप्रिलमध्ये जेमतेम. दोन शाळांनी पत्राने एकमेकींना आकडे कळवून कारण शोधावे.

धुपेची मोजणीही अवघड नाही. ओळीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वाहणारे पाणी जोराच्या पावसात सारख्या बाटल्यांत भरून दिवसभर स्थिर ठेवले की तळाच्या गाळाची जाडी पट्टीने मोजता येते. ओळीमागे रंगाची खूण केलेल्या दोन-तीन लोखंडी सळया ठोकून ठेवाव्यात. खूण किती बुजली यावरून वर्षाचा गाळ कळतो.

राहिली बियांची कसोटी. फुटवे देणाऱ्याने ‘बी येत नाही’ असे सांगितले तरी ती करावीच, विशेषतः ओढ्याकाठून आणलेला वाळा असेल तर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुरा पिकू लागला की त्यावर मलमलीची पिशवी बांधावी. गळालेली कणसुले मोजून निम्मी लगेच आणि निम्मी जूनमध्ये ओल्या मातीच्या ताटलीत पेरावीत. जुलैत ठोंबाभोवतीच्या दोन मीटर जागेत आपोआप उगवलेली रोपे आहेत का, हेही मुलांनी गुडघ्यावर बसून पाहावे. ताटलीत किंवा जमिनीत वाळ्याची रोपे आढळली, तर पुढचा तुरा येण्याआधी ती ठोंबे बुडख्यासकट काढून टाकावीत आणि फुटवे दुसऱ्या ठिकाणाहून आणावेत.